गुप्त इमाम म्हणजे आपलाच आतला आवाज का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही आंरी कोर्बँ या फ्रेंच अभ्यासकाचं शिया पंथावरचं लिखाण वाचलंत. बारावा इमाम (शियांच्या लेखी इमाम म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातला त्यांचा वारस) हा भक्ताच्या हृदयात भेटणारा मार्गदर्शक आहे, असं त्यात तुम्हाला दिसलं. मग इमारतीतल्या शिया शेजाऱ्यांना विचारलंत तर ते म्हणाले, "छे हो, इमाम हयात आहेत, याच जगात आहेत, अल्लाहचा हुकूम झाला की जाहीर होतील." आता तुम्ही विचारता: यातलं खरं कोणतं? इमाम आतच असेल, तर तो आणि आपण ज्याला अंतर्यामी म्हणतो तो, यांत फरक काय राहिला? आणि जाता जाता हेही विचारलंत, की शिया नसलेल्या माणसानं या वाटेला जावं का.

मी जाकिरा आहे, म्हणजे बायकांच्या मजलिसींत (धार्मिक बैठकांत) पढते, आणि मुलींना अकायद, म्हणजे धर्माच्या मूळ श्रद्धा, शिकवते. घरी उर्दू, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडच्या शंका ऐकायची सवय आहे. वर्गात हा विषय दरवर्षी निघतोच, आणि निघतो तो असा: "आपा, इमामे-जमाना (या काळाचे, म्हणजे बारावे इमाम) माझ्याशी बोलतात का?" विचारणाऱ्या मुलीला इमाम प्रतीक आहे की व्यक्ती या वादाशी काही घेणंदेणं नसतं. आतून काहीतरी सुचतं, टोचतं, ऐनवेळी हात धरून थांबवतं. ते कोणाचं, एवढंच तिला हवं असतं. मला वाटतं तुमचाही खरा प्रश्न हाच आहे. प्रतीक की व्यक्ती हे कोडं तुम्हाला पुस्तकानं घातलंय.

माझं उत्तर लगेच सांगून टाकते. इमाम हृदयात भेटतो हे शियांचं जुनं, अस्सल म्हणणं आहे. ते काही कोर्बँनी पॅरिसहून आणलेलं नाही. पण हृदयात जो भेटतो तो मी नव्हे, तो दुसरा कोणीतरी आहे, आणि त्याला बापाचं नाव आहे, जन्मगाव आहे. यातला एक भाग धरून दुसरा सोडला की काय काय होतं, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. तुम्ही कोणाला विचारता यावर उत्तर बरंच बदलतं. भारतात आणि इराण-इराकमध्ये बहुसंख्य शिया बारा इमाम मानणारे, म्हणजे इस्ना अशरी. मी त्यांच्यातली, म्हणून खालचं सगळं त्या बाजूचं आहे. मुंबईतल्या दाऊदी बोहऱ्यांना विचाराल तर त्यांच्याकडे पडद्याआड गेलेला इमाम एकविसावा, इमाम तय्यब. बाराव्या शतकात ते लहानपणीच लोकांच्या नजरेआड झाले. त्यांचा वंश आजही पडद्याआड चालू आहे आणि बाहेरचं काम दाई, म्हणजे इमामाचे प्रतिनिधी, पाहतात, असं ते मानतात. सध्याचे दाई त्रेपन्नावे. आगाखानी खोजांचा इमाम तर लपलेलाच नाही. फेब्रुवारी 2025 पासून रहीम आगाखान हे त्यांचे पन्नासावे हजर इमाम आहेत. गंमत अशी, की त्यांच्यातले जाणकारही सांगतात, देह पाहिला म्हणजे इमाम पाहिला असं होत नाही. आतलं दर्शन निराळं. म्हणजे इमाम समोर असो वा नसो, आतलं दर्शन हा मुद्दा उरतोच.

या सगळ्याचा आपल्या मातीशीही एक चमत्कारिक संबंध आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं 1537 मध्ये इस्ना अशरी शिया पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला, तो शाह ताहिर या इराणी विद्वानाच्या शब्दावर. हे शाह ताहिर स्वतः इस्माईली निजारींच्या (आगाखानी खोजा ज्या पंथातले, त्याच्या) एका शाखेचे इमाम होते! बाहेरून बारा इमामांचा प्रचार आणि आपल्या माणसांपुरती स्वतःची इमामत. गुप्त इमाम आत शोधायचा की बाहेर, यावर त्या काळच्या नगरात कोणी वाद घालत असेल, तर एक इमाम दरबारात त्याच्या शेजारीच बसलेला होता.

आता इतिहास, भराभर. अकरावे इमाम हसन अस्करी इसवी सन 874 मध्ये इराकातल्या सामर्रा इथे गेले. त्यांचे पुत्र मुहम्मद महदी तेव्हा लहान होते. तिथून 941 पर्यंत ते लोकांना दिसत नव्हते, पण एकामागून एक चार नायबांमार्फत, म्हणजे प्रतिनिधींमार्फत, पत्रव्यवहार चाले. ही धाकटी गैबत, म्हणजे नजरेआड असण्याचा काळ. चौथे नायब अली बिन मुहम्मद समरी यांना शेवटचं पत्र आलं: सहा दिवसांत तुझा मृत्यू आहे, मागे कोणाला नेमू नकोस. तेव्हापासूनची ती थोरली गैबत, आजतागायत. हे पत्र लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचंय.

"आतला इमाम" ही कल्पना मात्र गैबतीच्या आधीची आहे, आणि ती समजायला मी वर्गात नेहमी एक जुनी हकीकत सांगते. कुलैनी यांच्या अल-काफी या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबर आणि इमामांच्या वचनांच्या संग्रहात, ती आहे. आठव्या शतकातलं बसरा शहर, शुक्रवार, मशीद भरलेली. अम्र बिन उबैद नावाचे नामांकित मुअतजिली (तर्कावर भर देणाऱ्या पंथाचे) विद्वान मधोमध बसलेत, भोवती शिष्यांचं कडं. इमाम जाफर सादिक यांचा तरुण शागीर्द हिशाम बिन हकम गर्दीतून वाट काढत पुढे येतो, गुडघे टेकून बसतो आणि विचारतो, "तुम्हाला डोळे आहेत?" अम्र वैतागतात: बाळा, हा काय प्रश्न झाला? हिशाम म्हणतो, माझा प्रश्न असाच आहे. "बरं विचार, वेडगळ असला तरी." मग डोळ्यांनी काय करता, नाकानं काय करता, जीभ कशाला, कान कशाला, असं एकेक अवयव घेत तो हृदयापाशी येतो. हृदय कशाला? अम्र सांगतात, बाकीच्या इंद्रियांना जे कळतं त्याची शहानिशा हृदय करतं; त्यांना शंका आली की ती हृदयाकडे धाव घेतात. इथं हिशाम त्यांना पकडतो. तुमच्या एवढ्याशा देहातल्या इंद्रियांना देवानं शंका फेडणारा एक इमाम दिला, आणि ही सगळी माणसं संशयात, गोंधळात, भांडणात असताना त्यांना मात्र कोणी दिला नाही? अम्र गप्प. थोड्या वेळानं विचारतात, "तू हिशाम का?" आणि त्याला उठवून आपल्या जागी बसवतात.

मुलींना ही गोष्ट आवडते ती त्या पोरगेल्या धिटाईमुळे. पण नीट पाहा, हिशामनं काय केलं. जगातला इमाम आणि देहातलं हृदय यांचं काम त्यानं एकच ठरवलं. याच हिशामला पुढे सातवे इमाम मूसा काजिम यांनी सांगितलेलं वचनही काफीतच आहे: देवाच्या माणसांवर दोन हुज्जती आहेत, म्हणजे दोन पुरावे; एक उघड, एक आतली. उघड म्हणजे रसूल, नबी (दोन्ही देवाचे पैगंबर) आणि इमाम. आतली म्हणजे अक्ल. म्हणजे आत एक मार्गदर्शक आहे हे दस्तुरखुद्द इमामांनीच मान्य केलंय. पण त्यांनी दोन सांगितल्या, आणि दोन्ही एकमेकींना साक्ष देतात. आतली असताना बाहेरची कशाला, असं ते म्हणाले नाहीत.

तिसरं वचन पाचवे इमाम मुहम्मद बाकिर यांचं, अबू खालिद काबुलीला सांगितलेलं. मोमिनांच्या, म्हणजे श्रद्धावंतांच्या, हृदयातला इमामाचा नूर दिवसाच्या तळपत्या सूर्याहून अधिक उजळ असतो; देव ज्यांच्यापासून तो झाकून ठेवतो त्यांची हृदयं काळोखतात. मुहम्मद अली अमीर-मुइज्जी या आजच्या संशोधकांनी अशी जुनी वचनं एकत्र करून दाखवलंय, की इमामाला हृदयानं पाहणं हा आरंभीच्या शिया विचाराचा कणा होता. बघा, हे सांगितलं गेलं तेव्हा इमाम मदिनेत राहत होते आणि त्यांना जाऊन भेटता येत होतं. तरीही त्यांचा प्रकाश हृदयातच शोधायला सांगितलाय. म्हणून मला वाटतं, गैबतीनं आतला इमाम जन्माला घातला नाही. एक दार बंद झालं आणि आधीपासून उघडं असलेलं दुसरं वापरात आलं, एवढंच.

यावर सर्वांत काटेकोर विचार विसाव्या शतकात अल्लामा तबातबाई (1904–1981) यांनी केला. इराणातल्या तबरीझचे, पुढे तिथल्याच कुम शहरात स्थायिक. कोर्बँ तेहरानला येत तेव्हा ज्यांच्याशी बसून बोलत ते हेच. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगते. कुराणात (2:124) देव इब्राहीमना कसोट्यांत पारखून म्हणतो, "मी तुला लोकांचा इमाम करतो." इब्राहीम विचारतात, आणि माझ्या वंशातून? वंशाचा विषय काढला, म्हणजे तोवर मुलं झालेली किंवा होणार हे कळलेलं. कुराणाप्रमाणेच त्यांना मुलं झाली म्हातारपणी. म्हणजे इमामत मिळाली ती उतारवयात, आणि नबी तर ते कधीचेच होते, वही, म्हणजे देवाचा संदेश, येत होती, लोकांना उपदेश चालू होता. मग नव्यानं काय मिळालं? उपदेश करणं, वाट दाखवणं हे नबीचं काम त्यांच्याकडे होतंच. तेव्हा इमामत म्हणजे त्याहून वेगळं काहीतरी असलं पाहिजे. दुसऱ्या एका आयतीत (21:73) इमामांविषयी येतं, की ते "आमच्या हुकमानं" मार्ग दाखवतात. तबातबाई दोन्ही जोडतात: वाट सांगणं वेगळं आणि चालणाऱ्याला आतून धरून मुक्कामी पोचवणं वेगळं. इमाम हे दुसरं काम करतो. माणसाच्या अंतरंगावर, त्याच्या कर्मांच्या आतल्या बाजूवर त्याची सत्ता चालते.

एकदा हे मान्य केलं, की गैबतीचं कोडं बरंचसं सुटतं. इमामाचं मुख्य काम फतवे देणं असतं, तर गायब इमामाचा उपयोग काय, हा आक्षेप बिनतोड ठरला असता. पण काम आतलं असेल, तर देह नजरेसमोर आहे की नाही यानं फारसं अडत नाही. तबातबाईंनी हे स्वच्छ लिहिलंय. हदीसीत तेच ढगाआडच्या सूर्याच्या उपमेनं येतं: सूर्य दिसत नाही म्हणून उजेड पडायचा थांबत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग कोर्बँ बरोबरच होते की! थांबा.

दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे दुआ-ए-नुदबा पढतात. नुदबा म्हणजे विलाप. त्यात एक जागा अशी येते: सगळी दुनिया दिसावी आणि तूच दिसू नयेस, हे मला फार जड जातं. आणि लगेच पुढे: माझा जीव तुझ्यावरून ओवाळून टाकावा, तू असा अनुपस्थित आहेस की आमच्यातून कधी गेलाच नाहीस. एकाच श्वासात दोन्ही. ही दुआ पढताना बायका हमसून रडतात. आतल्या प्रतीकासाठी कोणी असं रडत नाही. हरवलेल्या माणसासाठी रडतात. सकाळी पढायची दुआ-ए-अहद तर त्याहून रोखठोक आहे. तुझ्या येण्याआधी मला मरण आलं, तर मला कबरीतून उठव, कफन गुंडाळलेलं, तलवार उपसलेली, भाला परजलेला, हाकेला ओ देत. यातून निव्वळ रूपक काढायचं तर शब्दांवर फारच जबरदस्ती करावी लागेल.

शिवाय हदीसी सांगतात, की इमाम हजला असतो, तो लोकांना पाहतो, लोक त्याला पाहत नाहीत. दुसरीकडे म्हटलंय, तो त्यांच्या बाजारांतून चालतो, त्यांच्या बिछायतींवर पाऊल ठेवतो आणि ते त्याला ओळखत नाहीत, जसे कुराणातल्या यूसुफला त्याचे भाऊ समोर उभे असूनही ओळखू शकले नाहीत. तुमच्या शेजाऱ्यांचं "याच जगात आहेत" हे इथून येतं. त्यांना अडाणी समजू नका, ते मूळ ग्रंथाला धरून बोलताहेत.

नसीरुद्दीन तूसींनी तेराव्या शतकात हे सगळं एका ओळीत बसवलं: त्याचं असणं ही एक कृपा, त्याचं कारभार करणं ही दुसरी कृपा, आणि त्याचं नसणं आमच्यामुळे. पहिली कृपा चालू आहे, दुसरी थांबली आहे. आतला मार्गदर्शक आणि बाहेरचा गायब इमाम हे एकाच माणसाचे दोन व्यवहार आहेत.

आता तो व्यावहारिक भाग, ज्यासाठी माझ्यासारखीला वर्गात खरी मेहनत करावी लागते. आतून आवाज येतो, तो इमामाचा आहे, असं कोणी म्हणालं तर?

समरींना आलेल्या शेवटच्या पत्रात पुढे स्पष्ट होतं: प्रकट होण्याच्या ठरलेल्या खुणा दिसण्याआधी जो कोणी मला पाहिल्याचा दावा करील तो खोटारडा, बिनबुडाचं बोलणारा. हे वाक्य फार सोयीचं नाही. कारण पुढच्या शतकांत मुकद्दस अर्दबीली, सय्यद बहरुल उलूम यांच्यासारख्या थोर, सचोटीच्या उलमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, इमामभेटीच्या हकीकती आम्हीच मजलिसींत सांगतो. उलमांनी याचा मेळ असा घातला: नाकारलाय तो नायबगिरीचा दावा. भेट होऊ शकते, पण तिच्या जोरावर कोणी इतरांना हुकूम देऊ शकत नाही. तेराव्या शतकातले इब्न ताऊस आपल्या मुलाला लिहितात, की ज्याच्यावर देवाची मर्जी त्याला इमामाकडे जायची वाट उघडी आहे. दार उघडं आहे, पण त्यावर कोणी आपली पाटी लावायची नाही.

ही दक्षता का, ते इतिहास पाहिला की कळतं. धाकट्या गैबतीतच तोतयांचं पीक आलं होतं. शेख तूसींनी (हे वरच्या नसीरुद्दीन तूसींहून वेगळे) नोंदवलेली एक हकीकत सांगते. हुसैन बिन मन्सूर हल्लाज यांनी आपण इमामाचे वकील आहोत असं बगदादच्या अबू सहल नौबख्ती यांना कळवलं. अबू सहल मोठे धर्मशास्त्री आणि वयानं पिकलेले. त्यांनी निरोप धाडला: तुमच्या चमत्कारांपुढे माझं मागणं किरकोळ आहे. मला बायकांचा शौक आहे, दाढी पांढरी झालीय, दर शुक्रवारी कलप लावता लावता जीव मेटाकुटीला येतो. तेवढी दाढी काळी करून द्या, तुमच्या पायाशी येतो. हल्लाज गप्प बसले, आणि अबू सहल हा किस्सा बगदादभर रंगवून सांगत राहिले. सूफी परंपरेला हल्लाज फार वंदनीय आहेत आणि त्यांची बाजू वेगळी आहे हे मला माहीत आहे. पण नायब असल्याच्या दाव्याला शिया पंडितानं दिलेलं उत्तर कसं होतं, ते बघा. वादविवाद नाही, सरळ कलप!

पुढेही हेच होत राहिलं. हिजरी 260 ला गैबत सुरू झाली, तिला हिजरी 1260 मध्ये हजार वर्षं झाली. त्याच वर्षी, म्हणजे 1844 मध्ये, शिराझच्या सय्यद अली मुहम्मद यांनी आपण 'बाब', इमामाचं द्वार, असल्याचं जाहीर केलं. त्यांचे पहिले अनुयायी बहुतेक शेखी पंथातले होते, आणि शेखींचा सगळा भर इमामाला सूक्ष्म जगात, अंतःचक्षूंनी गाठण्यावर. म्हणजे आतल्या इमामाची ओढ जिथं सर्वांत तीव्र, तिथूनच बाहेर एक नवा दावेदार निघाला. 1850 मध्ये तबरीझला बाबना गोळ्या घातल्या.

सूफींचंही तसंच. शाह निमतुल्लाह वली या सूफी पीरांचा घराणेवंश पंधराव्या शतकात बहमनींच्या बोलावण्यावरून बीदरला आला. त्यांचे पुत्र खलीलुल्लाह यांची चौखंडी तिथं आजही उभी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच सिलसिल्याच्या, म्हणजे सूफी परंपरेच्या, दख्खनी पीरांनी मासूम अली शाह यांना उलट इराणला पाठवलं. लोक त्यांच्यामागे लोटले, आणि केरमानशाहच्या एका मुज्तहिदानं, म्हणजे धर्मशास्त्राचा निर्णय देऊ शकणाऱ्या पंडितानं, त्यांना मारवलं. त्या खुनाचं समर्थन मी करणार नाही. पण भांडण कशावर होतं ते नीट पाहा: गायब इमामाच्या वतीनं बोलायचं कोणी, हृदयाची वाट दाखवणाऱ्या कुत्बानं, म्हणजे सूफींच्या प्रमुख गुरूनं, की शरीयत जाणणाऱ्या मुज्तहिदानं? बहुसंख्य इस्ना अशरींनी कौल मुज्तहिदाला दिला. बाहेरच्या प्रश्नांना मर्जाची, म्हणजे सर्वांत वरच्या मुज्तहिदाची, तकलीद करायची, म्हणजे त्याचा निर्णय पाळायचा, आतल्या नात्यात कोणी मध्यस्थ नाही. व्यवस्था रुक्ष आहे, पण माझ्या मते शहाणपणाची.

राजकीय बाजू मी इथं उघडत नाही, तो वेगळा विषय. इराणच्या राज्यघटनेतलं पाचवं कलम गैबतीच्या काळात सत्ता फकीहाकडे, म्हणजे धर्मशास्त्र्याकडे, देतं, आणि अली शरीअती या इराणी विचारवंतांनी इमामाच्या प्रतीक्षेला बंडखोरीचा धर्म म्हटलं, एवढी नोंद पुरे. कोर्बँच्या लिखाणात हा सगळा भाग जवळजवळ नाहीच, हेही ध्यानात ठेवा.

तर मुलगी येऊन म्हणते, इमामांनी मला अमुक सांगितलं, तेव्हा मी काय करते? मी "नाही" म्हणत नाही. मी कोण नाही म्हणणारी? पण काही गोष्टी विचारते. जे सांगितलं ते एखाद्या वाजिबच्या, म्हणजे धर्मानं बंधनकारक केलेल्या गोष्टीच्या, आड येतं का, कोणाचा हक्क बुडवतं का? तसं असेल तर विषय संपला. ते तुझ्यापुरतं आहे की घरच्यांनी, मैत्रिणींनीही ऐकावं असा निरोप आहे? निरोप असेल तर समरींचं पत्र वाचून दाखवते. आणि तिसरं, जे मी सर्वांत बारकाईनं ऐकते: ते ऐकून तू मोठी झालीस की लहान? एकीला स्वप्न पडलं, पांढऱ्या कपड्यांतले बुजुर्ग म्हणाले, कॉलेज सोड. घरात मोठी धन्यता. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, स्वप्नाआधी कॉलेज सोडायचं मनात होतं का? ती हसली. गणित राहिलं होतं. आमच्या उसूलमध्ये, म्हणजे धर्मनिर्णयाच्या नियमांत, स्वप्न ही हुज्जत धरत नाहीत, हे तिला सांगितलं आणि गणिताची शिकवणी शोधून दिली.

उलटही पाहिलंय. एखादीला कसलाच आवाज येत नाही, स्वप्न पडत नाही, पण शाबान (रमजानच्या आधीचा महिना) आला की वर्षभर न बोललेल्या जावेला फोन करते, कारण "कर्मं इमामांपुढे पेश होतात, त्यांना काय वाटेल." आतला मार्गदर्शक म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हिच्याकडे बोट दाखवीन. कोणीतरी पाहतंय, आणि त्याला वाईट वाटू शकतं.

आता तुमचा अंतर्यामी. साम्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. हृदयस्थ सद्गुरू म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. अंतर्यामी शेवटी परमात्माच आहे आणि अद्वैताची वाट धरली तर तो तूच आहेस. इमाम देव नाही. तो बंदा आहे, नमाज पढतो, देवाच्या हुकमाची वाट पाहतो. आणि मी कितीही पुढे गेले तरी मी इमाम होत नाही. ज्यांनी इमामाला देव केलं त्यांना इमामांनीच झिडकारलं. दुसरा फरक विरहातला. अंतर्यामी हरवलेला नसतो, आपलं लक्ष नसतं. इमाम हृदयात उजेड देतो आणि तरीही खरोखरच गैरहजर आहे. ती गैरहजेरी भक्ती वाढली म्हणून भरून निघत नाही, उलट जास्त बोचते.

हे दोन्ही एकत्र कसं जगतात ते पाहायचं असेल, तर शाबानची पंधरावी रात्र पाहा, इमामांच्या जन्माची. घरोघरी अरीझा लिहितात, म्हणजे इमामांना अर्ज. काही जण केशराच्या शाईनं. खाली नाव, वर मागणं: लग्न, नोकरी, आईचं ऑपरेशन. मग कागदाची घडी पिठाच्या गोळ्यात घालून पहाटे नदीत, विहिरीत, मुंबईत असाल तर समुद्रात सोडायची. सोडताना हाक मारतात हुसैन बिन रूह यांना, जे तिसरे नायब होते आणि 938 मध्ये बगदादला वारले! मुली दरवर्षी विचारतात, इमामांना मनातलं कळतं तर लिहायचं कशाला? मी सांगते, लिहून बघ. मनात घोळवलेलं मागणं आणि दुसऱ्या कोणाला उद्देशून, खाली नाव घालून लिहिलेलं मागणं सारखं राहत नाही. कागदावर येताना निम्म्या गोष्टी लिहायची लाज वाटते आणि गळून पडतात. तिथं आतला इमाम आपलं काम करून गेलेला असतो, असं मी समजते. दुसरी जाकिरा कदाचित वेगळं सांगेल.

राहिला शेवटचा प्रश्न. शिया नसलेल्यानं या वाटेला जावं का? ढगाआडच्या सूर्याचा उजेड सर्वांवर पडतो असं आम्ही मानतो, आणि नुदबाला कोण कोण येऊन बसलंय हे कोणी विचारत नाही. मुंबईत असाल तर डोंगरीच्या इमामवाडा रोडवरची 1860 मधली मुघल मशीद, निळ्या इराणी टाइल्सची, एकदा बघून या. पण या वाटेचा आतला भाग नमाज, तकलीद आणि इमामाची ओळख यांच्यापासून सुटा काढून मिळत नाही. "मी तुम्हाला इमामांशी जोडून देतो" असं म्हणणारा भेटला तर अबू सहलचा कलप आठवा. वाचायचंच असेल तर आधी तबातबाईंचं शिया पंथावरचं छोटं पुस्तक घ्या, सैयद हुसैन नस्र यांचं इंग्रजी भाषांतर मिळतं. मग काफीतला किताबुल हुज्जत हा भाग. त्यानंतर कोर्बँ परत उघडा. तोवर त्यांनी काय पाहिलं आणि काय पाहायचं टाळलं, दोन्ही तुमचं तुम्हाला दिसेल. इमामभेटीच्या किश्शांची जाडजूड पुस्तकं मात्र सर्वांत शेवटी, नाहीतर तीच वाचत बसाल.